कोपीवरची झोप: ऊसतोड मजुराच्या मनाच्या दुखण्यात मदत कशी करायची

पहिल्या वर्षी आम्ही पुण्याहून गेलो तो रविवार होता. सकाळचे अकरा वाजले होते, नीरा डाव्या कालव्याच्या कडेचा ऊसतोड मजुरांचा अड्डा, पंचवीस-तीस कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. माणूस एकही नाही. तीन लेकरं, बांधलेलं एक कुत्रं आणि चुलीपाशी बसलेली एक आजी. आमच्या हातात छापील प्रश्नावली. आजींना विचारलं, ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निराश वाटलं का?’ त्या म्हणाल्या, ‘निरास म्हंजी?’ मग जरा थांबून स्वतःच म्हणाल्या, ‘मपली झोप तर दिवाळीपासनंच गेली बाई.’

त्या प्रश्नावलीतला एकही शब्द कामाचा नव्हता, आणि झोप हा शब्द तिच्यात सापडला तो सातव्या प्रश्नात. आता आम्ही झोपेपासूनच सुरुवात करतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्या आसपास हंगामात टोळी उतरते: बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, आंबेगाव, जुन्नरमधले बागायतदार, कारखान्याच्या शेतकी गटातली माणसं, आशाताई, शाळेतले शिक्षक आणि शनिवार-रविवारी काहीतरी करू पाहणारी शहरातली मुलं. यातलं काहीच डॉक्टरचं काम नाही. माणूस ओळखायचा, त्याला दवाखान्यापर्यंत न्यायचं आणि मध्येच उपचार तुटू द्यायचे नाहीत, इतकंच.

आधी कामाचा गाडा समजून घ्या

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिवकडून जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांनी मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, आधीच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते: लग्नासाठी, दवाखान्यासाठी, घरावर पत्रे टाकायला. ती फेडायची टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, पण हिशोबाची रीत तीच राहिली. दोघांतलं एक आजारी पडलं की अर्धा कोयता. एक दिवस घरी बसलं की त्या दिवसाची मजुरी गेली, वर बऱ्याच टोळ्यांत खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीचे, पैसेही कापले जातात. म्हणून ‘तुम्ही एकदा दवाखान्यात दाखवून या’ हे आपल्याला फुकटचं वाटणारं वाक्य त्यांना चांगलंच महागात पडतं.

बाई पहाटे तीनला उठते, भाकऱ्या करते, चारला फडात. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि ट्रॅक्टर आला की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं. ट्रॅक्टर कधी येईल ते कारखान्याच्या काट्यावर किती गर्दी आहे त्यावर ठरतं. कधी दुपारी दोन, कधी रात्री एक. जेवताना, आंघोळ करताना, लेकराला पाजताना कान त्या हॉर्नकडेच असतो. चार-पाच महिने असं गेल्यावर झोपेची घडी मोडली नाही तरच नवल.

जायचं कधी, बोलायचं कोणाशी

सकाळी जाऊ नका. बरी वेळ म्हणजे तोड संपून वाहनाची वाट पाहत सगळे बांधावर बसलेले असतात ती. तास-दोन तास मिळतात आणि हात रिकामे असतात. दुसरी वेळ आठवडे बाजाराच्या दिवशीची संध्याकाळ. यंत्रात बिघाड होऊन किंवा साफसफाईसाठी कारखाना बंद राहिला तर तो दिवस सोन्याचा. चिटबॉयशी, म्हणजे फडावर वजनाच्या चिठ्ठ्या सांभाळणाऱ्या कारखान्याच्या माणसाशी, ओळख ठेवा, बंदची खबर त्याला सगळ्यांच्या आधी लागते.

मुकादमाला टाळून अड्ड्यावर शिरू नका. त्यानं उद्या टोळीला ‘त्यांच्याशी बोलू नका’ असं सांगितलं तर विषय तिथंच संपला. पण ‘मानसिक आरोग्य’ हा शब्दही त्याच्यापुढं काढू नका. ‘बीपी, शुगर, रक्त तपासायला आलोय’ एवढं पुरतं, आणि ते खरंही असायला हवं. बीपीचं मशीन बरोबर ठेवा, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ताईंना रक्त तपासायला घेऊन जा. या बायकांमध्ये रक्त कमी असणं फार दिसतं, आणि थकवा, धडधड, चक्कर, कशातच मन न लागणं ही लक्षणं त्यानंही येतात. थायरॉइडचंही तसंच. आधी ते पाहून घ्यायचं. नाहीतर लोहाच्या गोळ्यांनी बरी होणारी बाई मनाच्या डॉक्टरांच्या रांगेत जाऊन बसते.

बीपी मोजायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ माणूस गप्प बसलेला असतो. खरं बोलणं सुरू होतं ते त्या दोन मिनिटांत. बाईशी बाईनंच बोलावं. नवरा, सासू, मुकादम ऐकू येण्याइतके जवळ असतील तर फक्त बीपीच मोजा आणि पुन्हा या.

काय विचारायचं

‘डिप्रेशन’, ‘तणाव’, ‘मानसिक’ हे शब्द घरी ठेवून जा. डोकं भणभणतं, जीव घाबरतो, काळजात धडधडतं, इचार थांबत न्हाईत, अंगात काही राहिलं न्हाई, कशात जीव लागत न्हाई, हे त्यांचे शब्द आहेत आणि निदानाच्या दृष्टीनं ते पुरेसे नेमके आहेत. विचारताना मी साधारण हा क्रम धरते:

‘ताई, वाहन आलं नाही त्या रात्री तरी झोप लागते का?’ सगळ्यात उपयोगी प्रश्न हाच. दमलेल्या माणसाला आडवं व्हायला मिळालं की तो झोपतो. सवड मिळूनही टक्क जागं राहणं, किंवा एक-दीडला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, ही वेगळी गोष्ट आहे.

‘भाकरी गोड लागते का?’

‘बाजाराला जावंसं वाटतं का? गावाकडच्या लेकरांना फोन केल्यावर बरं वाटतं का?’ आवडीच्या गोष्टीतला रस गेला की नाही, ते यातून कळतं.

‘हे कवापासून?’ दोन आठवड्यांच्या वर, जवळजवळ रोज, आणि त्यापायी काम किंवा लेकराकडं बघणं सुटत असेल तर दवाखान्याची वेळ झाली असं समजा.

मग गप्प बसा. शहरातून आलेल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. सोमेश्वरनगरच्या बाजूला एकदा एक पंचविशीतली बाई माझ्याशी बोलताना पाचटाची एक काडी सोलत होती. काडी पूर्ण सोलून झाली, तिनं दुसरी उचलली, तीही सोलली, आणि मग म्हणाली, ‘धाकटी तिकडं आजीपशी हाय. फोनवर मला वळखीना झाली.’ दुसरी काडी होईपर्यंत मी तोंड उघडलं असतं तर हे वाक्य आलं नसतं.

‘बाहेरचं झालंय’, ‘करणी केली’, ‘वारं आलं’ असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. ‘देवाचं करा, गोळीही घ्या’ एवढं म्हणालात तरी काम होतं. मारहाण, उपाशी ठेवणं, चटके देणं असं काही चाललं असेल तर मात्र तडजोड नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे मुकादमालाही सांगून ठेवा.

सगळ्याच भीतीला गोळी नसते

जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पट्ट्यात पहाटे फडात शिरताना बाईचे पाय लटपटतात, रात्री लेकराला कवटाळून ती जागी राहते. याला चिंतेचा आजार म्हणायची घाई करू नका. तिथं उसात बिबट्या आहे. कोपीला दार नाही. ऊस तुटत जाईल तशी त्याची लपायची जागाही कमी होत जाते. अशा वेळी करायचं काम म्हणजे शेतमालकाकडून एक दिवा आणि वीज मिळवणं, कोप्या फडाला चिकटून न बांधता मोकळ्यावर बांधायला लावणं, लहान मूल कडेला न झोपवणं, आणि बिबट्या दिसला की वनखात्याच्या १९२६ या नंबरवर कळवणं. एका शेतकऱ्यानं वीस मीटर वायर आणि एक बल्ब दिला, त्या रात्री अड्डा झोपला. तसली गोळी कुठल्या मेडिकलमध्ये मिळत नाही.

मुकादम किंवा इतर कोणी अंगचटीला येतं म्हणून जागी राहणारी बाईही याच खात्यातली. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला द्या, पण तिला विचारल्याशिवाय कुठंही तक्रार करू नका. तुम्ही संध्याकाळी पुण्याला परतता, ती त्याच अड्ड्यावर राहते.

जिवाचं बरंवाईट

हा प्रश्न टाळायचा नाही. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. असेल तर तो बोलून मोकळा होतो. सरळ विचारा: ‘इतकं नकोसं झालं की जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं: ‘कसं करायचं, हेही मनात आलंय का?’

याही प्रश्नाला ‘हो’ आलं, तर त्या दिवशीचा तुमचा बाकी कार्यक्रम संपला. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. टोळीतलं त्याच्या विश्वासाचं एक माणूस बरोबर बसवा. १४४१६ लावा. ही टेली मानसची सरकारी सेवा २०२२ साली सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन स्पीकरवर ठेवून तुम्ही शेजारी बसलात तर बोलायला सोपं जातं. मग त्याच दिवशी दवाखाना.

आणि शेतमालकहो, हे तुमच्यासाठी. कोपीजवळच्या तुमच्या शेडात तणनाशक, कीटकनाशकाच्या बाटल्या उघड्यावर असतात. अनेकदा हा विचार झटक्यात येतो, नवरा-बायकोच्या भांडणानंतर, मुकादमाच्या शिवीनंतर, आणि काही वेळानं ओसरतो. त्या तेवढ्या वेळात बाटली हाताशी नसली तर माणूस वाचू शकतो. शेडला कुलूप घाला आणि किल्ली घरी न्या. दीडशे रुपयांचं कुलूप आहे.

कोणी विष घेतलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका. तोंडातून काहीही देऊ नका. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग धुवा, पण तुमच्या हाताला लागू देऊ नका. कुशीवर झोपवा, १०८ बोलवा आणि बाटली बरोबर घ्या, म्हणजे औषध कुठलं ते डॉक्टरांना लगेच कळेल. ‘पोलिस केस होईल’ या भीतीनं लोक लपवतात आणि वेळ जातो. दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो, हे खरं आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते. घरच्यांना हे शांतपणे सांगा.

दारू

दारू सोडा असं सांगून लगेच निघून जाऊ नका. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, माणूस बरळायला लागतो, नसलेलं दिसायला लागतं. यात जीवही जातो. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून ज्यांना मांत्रिकाकडं नेलं त्यातले दोघं प्रत्यक्षात बाजारहाटाला पैसे नसल्यानं तीन दिवस दारूवाचून राहिलेले होते, हे मी पाहिलं आहे. रोजच्या पिणाऱ्याला सोडायची असेल तर ती दवाखान्यात, औषधाच्या आधारानं.

दवाखान्यात नेताना

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवतील. बारामतीच्या बाजूला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्याकडं यायचं तर औंधचं जिल्हा रुग्णालय, ससून, किंवा येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. येरवडा म्हटलं की लोक दचकतात. ‘तिथं बाह्यरुग्ण विभाग आहे, तपासून गोळ्या घेऊन घरी येतात, दाखल व्हावं लागेलच असं नाही’ हे निघायच्या आधीच सांगा, नाहीतर अर्ध्या वाटेत माणूस उतरून जातो.

निघायच्या आदल्या दिवशी तीन कामं करा. मुकादम आणि चिटबॉय दोघांशी बोलून त्या दिवसाचा खाडा लागणार नाही असं कबूल करून घ्या, जमलं तर दोन माणसांसमोर. आधार आणि रेशनकार्डाचे फोटो फोनमध्ये घ्या, मूळ कागद बहुधा गावाकडं असतात. आणि एका कागदावर सात-आठ ओळी लिहा: त्रास कधीपासून, झोप किती, आधी कुठं दाखवलं, कुठल्या गोळ्या चालू, दारू-तंबाखू-मिश्री, बाळंतपण कधी झालं. बाळंतपणाचं विसरू नका. ओल्या बाळंतिणी कोयता धरतात. बाळाकडं बघत नाही, झोपत नाही, काहीबाही बोलते अशी बाळंतीण त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवी.

पहिल्या हंगामातली माझी एक फसगत सांगते. एका सरकारी दवाखान्यात आम्ही एका बाईला घेऊन गेलो. डॉक्टर भले होते, पण रांग मोठी होती. त्यांनी रात्रीच्या गोळ्या दिल्या आणि महिन्यानं बोलावलं. ती पहाटे तीनला उठते, हे ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. चौथ्या दिवशी फळीवरून मोळी घेऊन चढताना तिचा तोल गेला. मुका मार लागला, हाड वाचलं. तिनं गोळ्या कालव्यात टाकल्या आणि मला काही बोलली नाही. चूक माझी होती.

त्यामुळं डॉक्टरांना ही चार वाक्यं आपणहून सांगायची: पहाटे तीनला उठते. ओझं घेऊन फळीवर चढते. दिवसभर उन्हात, पाणी कमी पिते. अमुक महिन्यात गावी जाणार. गुंगी आणणारं औषध असेल तर ते वेळ किंवा मात्रा बदलतात, कधी औषधच बदलतात. लिथियम चालू असलेल्या माणसाला घाम आणि कमी पाणी धोक्याचं ठरतं, रक्तातली पातळी वाढते, म्हणून तेही सांगायलाच हवं.

गोळ्यांबद्दल त्या माणसाला एवढंच नीट पटवा: उदासीवरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही.

वही

या भागावर मित्र हसतात. ‘मनाच्या आजारात हिशोबाची वही कशाला?’ म्हणतात. पण रात्री दीडला छताकडं बघत पडलेला माणूस काय मोजत असतो, ते विचारून बघा. उचल किती फिटली, किती अंगावर राहिली, घरी जाताना हाती काय येणार. आकडा मुकादमाच्या डोक्यात असतो आणि दर खेपेला बदलतो. न दिसणारं कर्ज दिसणाऱ्यापेक्षा जास्त छळतं, असं माझं मत झालं आहे.

दहा रुपयांची वही घ्या. चार रकाने: तारीख, खेप आणि टन, घेतलेली खर्ची, खाडा. पहिल्या पानावर उचलीचा आकडा. चिटबॉयकडून वजनाची चिठ्ठी मागा, तिचा फोटो ठेवा. लिहिता येणारं एखादं पोर बहुतेक अड्ड्यावर असतंच, त्याला हे काम द्या. दर पंधरवड्याला बेरीज करून मोठ्यानं वाचा. कधी आकडा वाईटच निघतो, आणि तरी बाई म्हणते, ‘आता कळालं तरी.’

उचल फिटली नाही म्हणून कोणाला अडवून ठेवणं, मारणं, त्याच्या पोराला ठेवून घेणं हा गुन्हा आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली आहे आणि त्यासाठी जिल्हाधिकारी, तहसीलदारांकडं जाता येतं. जीव धोक्यात असेल तर आधी ११२. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं कार्यालय पुण्यातच आहे. गावच्या ग्रामसेवकाकडं नोंद होऊन ओळखपत्र मिळालं आहे का, ते विचारा. नसेल तर परत गेल्यावर करायच्या कामांत वहीच्या शेवटच्या पानावर लिहून द्या.

पट्टा पडायच्या आधी

मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि दोन दिवसांत अड्डा रिकामा होतो. चार महिने घडी बसवलेले उपचार इथं तुटतात. म्हणून फेब्रुवारी उजाडला की दवाखान्याची एक फेरी ठरवाच. डॉक्टरांकडून शक्य तितक्या दिवसांच्या गोळ्या आणि एक चिठ्ठी घ्या. चिठ्ठीत आजाराचं नाव, औषधाचं नाव आणि मात्रा, कधी सुरू केलं, कधीपर्यंत घ्यायचं. सुवाच्य अक्षरात, नाहीतर तुम्ही खाली लिहा आणि डॉक्टरांची सही घ्या. बीडकडच्या माणसाला बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय सांगा. १४४१६ तिकडंही तोच लागतो.

चिठ्ठीचे दोन फोटो काढा, एक तुमच्याकडं, एक जोडप्यातल्या दुसऱ्याच्या फोनमध्ये. कागद आधारकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. ते पाकीट हरवत नाही, कोपी जळाली तरी बाई आधी ते बाहेर काढते.

आणि फक्त त्यांचा नंबर घेऊन थांबू नका. रिचार्ज संपलं की सिम बंद, दसऱ्याला नवं सिम. गावातल्या आशाताईंचा नंबर घ्या, किराणा दुकानाचा घ्या, मागं राहिलेल्या आजीच्या शेजाऱ्यांचा घ्या. मेच्या पहिल्या आठवड्यात एक फोन करा, गोळ्या मिळाल्या का एवढंच विचारायला. दुसरा जुलैत करा, कारण नवी उचल घ्यायची का, किती घ्यायची, दोघांनी यायचं की एकानं, हे घरात त्याच सुमाराला ठरत असतं. गेल्या जुलैत मी एका ताईंना फोन केला तेव्हा मागं पाऊस वाजत होता आणि ती म्हणाली, ‘थांबा, वही आणते.’